उसण

सालहाच्या कंबरेत उसण भरली ती जानेवारीतल्या एका मंगळवारी, भर ओहोटीत. विळ्याच्या टोकानं वाळू उकरून तिनं तिसरीचा शिंपला वर काढला, बादलीत टाकला आणि पुढच्या भोकाकडे वळायला गेली, तोच माकडहाडाच्या वर कुणी तापलेली सळई खुपसावी तशी कळ आली. ती वाकल्या जागी तशीच राहिली. खाली बसता येईना, वर उठता येईना. घोट्याएवढं पाणी हिवाळ्याचं होतं, पायांना चावत होतं. दहा हातांवर गमरा वाकून काम करत होती. तिनं मान न उचलताच काय झालं म्हणून विचारलं, आणि उत्तर आलं नाही तेव्हा विळा पदरात खोचून ती आली.

बावीस वर्षं या दोघी बरोबरीनं ओहोटीला जात होत्या. आखाताच्या काठावरचं रास मेल्ह हे त्यांचं गाव. ऑक्टोबरपासून मेपर्यंत पाणी उतरलं की गावातल्या पन्नास-साठ बायका गाढवगाड्यांतून किनाऱ्यावर यायच्या आणि तिथून चिखल तुडवत कोसभर आत जायच्या. तिसरी वाळूत लपते, पण श्वासासाठी दोन भोकं वर ठेवते, सुईनं टोचल्यासारखी, शेजारीशेजारी. ती दिसायची तर नाक गुडघ्याजवळ न्यावं लागतं. एकेक जोडभोक, एकेक तिसरी, असे चार तास. हे काम बसून होत नाही, उभ्यानं होत नाही. कंबरेत घडी घातली तरच होतं.

गमरानं तिच्या पाठीत गुडघा रोवला आणि दोन्ही खांदे धरून मागं ओढले. आत कुठंतरी कट्‌ असा आवाज झाला. सालहाच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण पाय उचलायला लागले. अर्धी बादली घेऊन ती गमराच्या आधारानं परतली. काठावर तिसऱ्या मोजून विकत घेणाऱ्या माणसानं तिच्या बादलीत हात फिरवला, बारक्या तिसऱ्या लोखंडी कडीतून घालून पाहिल्या, पडल्या त्या बाजूला फेकल्या आणि आज लवकर दमलीस का, असं विचारलं. तिनं हो म्हटलं.

घरी तिची सासू तुर्किया भट्टीपाशी होती. तिनं सुनेकडे पाहिलं नाही, सुनेच्या पावलांकडे पाहिलं. डावं पाऊल फरफटत येत होतं, तेवढ्यावरून तिला कळलं. तुर्किया सत्तरीची होती. तिनं पस्तीस वर्षं तिसऱ्या काढल्या होत्या, आणि त्यातल्या शेवटच्या काही वर्षांत तिची पाठ वाकली ती पुन्हा उलगडलीच नाही. ती चालायची तेव्हा तोंड जमिनीकडे असायचं. कुणाशी बोलायचं झालं तर कोंबडीसारखी मान एका बाजूला वळवून डोळा वर करायची. रमजानच्या चंद्राची वेळ झाली की अंगणात येऊन विचारायची, दिसला का, आणि दिसला म्हटलं की त्यावर विश्वास ठेवून आत जायची. सालहाला या घरात आल्यापासून सासूचा जाच असा नव्हता. पण लग्नाकार्यात तिच्यामागून चालताना तिला लाज वाटायची, आणि त्या लाजेखाली भीती असायची. दर हिवाळ्यात ती स्वतःची पाठ भिंतीला लावून बघायची, खांदे टेकतात का, डोकं टेकतं का.

त्या दिवसापासून तुर्कियानं सुनेची कंबर हातात घेतली. गव्हाचा कोंडा आणि जाडं मीठ तव्यावर भाजून फडक्यात बांधायची आणि शेकायची. ऑलिव्हचं तेल कोमट करून दोन्ही अंगठ्यांनी मणक्याच्या कडेनं खालपर्यंत दाबत न्यायची. तिचे अंगठे अजून चिमट्यासारखे होते. एका संध्याकाळी तिनं काचेच्या पेल्यांनी तुंबड्या लावल्या. सालहा पालथी पडून असायची आणि तिचा नवरा बेलगासम दारात बसून जाळं विणायचा. त्याच्या होडीला गेली तीन-चार वर्षं मासे लागत नव्हते, जाळ्यात शेवाळच जास्त यायचं. त्यामुळे घर चालायचं ते या दोन बायकांवर. आधी एकीच्या पाठीवर चाललं, आता दुसरीच्या चालत होतं. बेलगासमला ते माहीत होतं, म्हणून तो घरात कमी बोलायचा.

चौथ्या दिवशी पाच हात लोकरीचा पट्टा कंबरेला गुंडाळून सालहा पुन्हा ओहोटीला गेली. आठवडाभर गेली. रात्री कूस बदलताना तिच्या तोंडून जो आवाज निघायचा तो बेलगासमनं तीनदा ऐकला आणि गुरुवारी तिला दवाखान्यात घेऊन गेला.

गुरुवारी तिथं शहरातून एक व्यायाम शिकवणारी बाई यायची, रीम नावाची, पंचविशीची. तिनं सालहाला उताणं निजवून एकेक पाय वर उचलून पाहिला, पाठीच्या मणक्यांवरून बोटं चालवली आणि मग शांतपणे सांगायला लागली. कंबरेतून वाकायचं नाही, गुडघ्यातून बसायचं. ओझं पोटाशी धरून उचलायचं. दर पाव तासानं काम थांबवून सरळ व्हायचं, हात कंबरेवर ठेवून थोडं मागं झुकायचं. झोपताना कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी. उठताना आधी कुशीवर वळायचं, मग हातावर जोर देऊन. रोज सकाळी जमिनीवर करायचे चार व्यायाम तिनं करून दाखवले. सालहानं सगळं ऐकलं आणि तिसऱ्या कशा काढायच्या ते विचारलं.

रीमनं ते काम कधी पाहिलं नव्हतं. तिनं म्हटलं, करून दाखव. सालहा खाटेवरून उतरली, खोलीतल्या लाद्यांवर दोन पावलं चालली आणि वाकली. टाचा जमिनीला, गुडघे सरळ, डोकं घोट्यापाशी. खाली पेनाचं टोपण पडलं होतं, ते तिनं दोन बोटांत उचललं आणि तशीच पुढं सरकली.

"असं किती वेळ?" रीमनं विचारलं.

"चार तास. उधाणाच्या दिवसांत पाच."

रीमनं व्यायामांचा कागद तिच्या हातात दिला, आणि जमलं तर गुडघे टेकून काम कर, असं दारापर्यंत येऊन सांगितलं.

सालहानं तेही केलं. गुडघ्यांना रबरी ट्यूबचे तुकडे बांधून ती वाळूत रांगायला लागली. पहिल्या दिवशी बायका हसल्या. एकीनं विचारलं की नमाजाची वेळ झाली का, आणि दुसरी म्हणाली, नाही, तिच्या नवऱ्याची अंगठी हरवली असेल. सालहाही हसली. पण रांगताना बादली ओढावी लागायची, पाणी मांडीपर्यंत यायचं, आणि हलवलेल्या चिखलानं पुढची भोकं बुजून जायची. ओहोटी संपेतो बादलीचा तळ जेमतेम झाकला जायचा. आठ दिवसांनी तिनं ट्यूबचे तुकडे सोडून शेळीच्या गोठ्यात टाकले.

दाताळ्याची कल्पना बेलगासमची. त्यानं एका संध्याकाळी तिला भिंतीला टेकून उभी केली, शिंपी माप घेतो तशी दोरी धरली, काखेपासून जमिनीपर्यंत. दोन दिवस तो होडीच्या आडोशाला बसून तासत होता. दांडा ऑलिव्हच्या लाकडाचा, इतका घासलेला की हाताला कुसळ लागू नये. लोखंडी सळयांचे बारा दात, जरा आत वळवलेले. दात वाळूत रोवून मागं ओढायचं, म्हणजे तिसऱ्या आपोआप वर येतात. मग काठीला बांधलेल्या झोळीनं उचलायच्या. वाकायचं कारणच नाही. त्यानं ते तिच्या हातात दिलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, जड वाटलं तर अजून तासतो.

जड नव्हतं. पहिल्या दिवशी ती बायकांपासून लांब, खाडीच्या तोंडाकडे गेली आणि उभ्यानं ओढायला लागली. काम करताना ती समोर बघत होती. बावीस वर्षांत तिनं हे समुद्राचं पाणी कामाच्या वेळी कधी नीट पाहिलं नव्हतं, पाहिली होती ती फक्त वाळू. लांब एक पांढरं जहाज उभं होतं. बगळ्यांची रांग होती. आणि डावीकडे साठ बायकांच्या पाठी, रंगीत फडक्यांनी झाकलेल्या, जनावरं चरतात तशा हळूहळू पुढं सरकणाऱ्या. त्यातली गमराची कुठली ते तिला लगेच कळलं. दुपारी तिची बादली काठोकाठ होती आणि कंबर नुसती ठणकत होती, जळत नव्हती. त्या रात्री ती कूस बदलताना जागी झाली नाही.

दाताळ्यानं ओढलेल्या वाळूत नखाएवढी पिल्लं वर येत होती. काही फुटलेली, काही दाताखाली चिरडलेली. ती तिनं पायानं वाळूखाली लोटली.

चौथ्या दिवशी गमरा आली. तिच्यामागं आठ-दहा बायका होत्या. गमरानं तळहात पुढं केला. त्यावर फुटकी पिल्लं होती, पाण्यानं धुतलेली, आतला मऊ जीव बाहेर आलेला.

"हे बघ," गमरा म्हणाली.

"बघितलं."

"कधी बघितलंस?"

सालहानं त्या तळहातावरची पिल्लं पुन्हा पाहिली. "पहिल्याच दिवशी," ती म्हणाली.

गमरानं हात खाली केला. सालहा खोटं बोलली असती तर गमराला बरं वाटलं असतं, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं.

"कंबर तुझी एकटीचीच दुखते का गं? मी घरी जाऊन काय करते ठाऊक आहे? मोरीत बसताना दाराची कडी धरते. इथं साठ जणींची तीच गत आहे. उद्या सगळ्यांनी दाताळी आणली, तर पुढच्या हिवाळ्यात आपण उचलायचं काय, चिखल?"

मागच्या बायकांतली एक पुढं आली आणि तिनं सालहाची बादली लाथेनं आडवी केली. तिसऱ्या वाळूवर पसरल्या. आता यातल्या मोठ्या उचलायच्या तरी वाकायला हवं होतं. सालहानं आधी दांडा वाळूत रोवला, त्याला धरून एक गुडघा टेकला, मग दुसरा, आणि हातानं एकेक गोळा करायला लागली. बायका उभ्या राहून बघत होत्या. गमरानं तोंड फिरवलं, पण ती गेली नाही, शेवटची तिसरी बादलीत पडेपर्यंत थांबली.

घरी तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं, पिल्लं लोटली तेसुद्धा. बेलगासमनं दाताळं उचललं, पक्कड आणली आणि एकेक दात ओढून काढला. दांडा त्यानं शेळीच्या गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून लावला. त्यानंतर बरेच दिवस तो घरात नजर वर करून बसला नाही.

सालहा पुन्हा विळा घेऊन जायला लागली. गमरा आता दुसऱ्या बायकांबरोबर पुढं चालायची. सालहा रांगेच्या शेवटी एकटी. दर पाव तासानं हात कंबरेवर ठेवून ती मागं झुकायची, पण तेवढ्यात पुढच्या बायका चांगली वाळू धरायच्या, म्हणून मग ती अर्ध्या तासानं थांबायला लागली, मग तासानं. कळ आता कंबरेत राहिली नव्हती. ती डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत उतरली होती, आणि पावलाला मुंग्या यायच्या. ते थंडीनं होतंय असं ती स्वतःला सांगायची.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी तिला पायाजवळच्या पाण्यात लाल धागा दिसला. रक्त होतं. कुणाला लागलं म्हणून तिनं आजूबाजूला पाहिलं. जवळ कुणीच नव्हतं. मग तिनं स्वतःचं डावं पाऊल पाण्याबाहेर काढलं. तळव्यात शिंपल्याचा तुकडा बोटाच्या पेराएवढा रुतला होता आणि तिला काहीच लागत नव्हतं. ती घाबरून सरळ व्हायला गेली आणि तो पाय तिच्याखालून निघून गेला.

पाणी फिरलं होतं. भरती चढायला लागली की इथं ती चालणाऱ्या माणसाच्या वेगानं येते. सालहा हातांवर उठायची आणि पुन्हा पडायची. ओरडायला तोंड उघडलं तेव्हा खारं पाणी आत गेलं. पहिली धावत आली ती गमरा. तिनं हाका मारून पाच जणींना बोलावलं, तिसऱ्यांच्या पोत्यांखाली अंथरायचं प्लास्टिकचं कापड आणवलं, आणि सहा बायकांनी सालहाला त्यावर घालून चिखलावरून ओढत काठापर्यंत आणलं. वाटेत दोघींच्या बादल्या वाहून गेल्या. गाडीत घातल्यावर गमरानं स्वतःच्या कंबरेचा लोकरी पट्टा सोडला आणि तो कोरडा म्हणून सालहाला गुंडाळला.

शहरातल्या मोठ्या डॉक्टरनं उजळलेल्या काचेवर फोटो धरून दाखवला. दोन मणक्यांमधली गादी सरकून शिरेवर बसली होती. सहा आठवडे चहाची किटलीसुद्धा उचलायची नाही, म्हणाला. थोडंथोडं चालायचं, पडून राहायचं नाही, रीमनं दिलेले व्यायाम करायचे. पाऊल लुळं पडायला लागलं तर लगेच यायचं. एवढ्यानं उतरलं नाही तर ऑपरेशनसाठी उन्हाळ्यातली तारीख.

घरात आठवडाभर रोटी, तेल आणि मिरच्यांची हरीसा चटणी एवढंच होतं. बेलगासम दुसऱ्याच्या होडीवर मजूर म्हणून जायला लागला. एक दिवस पहाटे सालहानं घासण्याचा आवाज ऐकला. तुर्किया भट्टीजवळ दगडावर विळा घासत बसली होती.

"उम्मी, तो कशाला काढलास?"

"गंजलाय."

"त्याची आता काय गरज?"

म्हातारीनं पातं अंगठ्यावर फिरवून पाहिलं. "गमराला सांगून ठेवलंय. ती गाडी इथूनच वळवणार आहे."

सालहानं कुशीवर वळून हातावर जोर दिला आणि उठून बसली. "तू या वयात वाकायचं नाहीस," ती म्हणाली. "मी मेले तरी चालेल."

"वाकायचं कुठंय मला?" तुर्किया म्हणाली. "मी वाकलेलीच आहे. तुम्हाला पोरींना खाली जायलाच अर्धा वेळ लागतो. मी तिथंच असते."

दारात बेलगासम कोट चढवत होता. त्याला हसू आलं, आणि आपण हसलो हे लक्षात आल्यावर तो एक बाही तशीच लोंबत ठेवून बाहेर निघून गेला.

तुर्किया गेली. त्या दिवशी गेली, दुसऱ्या दिवशी गेली. डोळे अधू होते, म्हणून ती पायातली चप्पल काढून तळव्यांनी वाळू चाचपत चालायची, असं गमरानं येऊन सांगितलं. गमरा आता रोज संध्याकाळी म्हातारीला दारापर्यंत सोडायला यायची. पहिल्या दिवशी ती उंबऱ्यात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी आत आली आणि सालहाच्या गुडघ्यांमधली उशी नीट केली. दाताळ्याचा विषय दोघींनी काढला नाही. तुर्कियाच्या बादलीतल्या निम्म्या तिसऱ्या कडीतून खाली पडतात, मोजणारा माणूस त्या तिच्यासमोर फेकतो आणि ती काही म्हणत नाही, हेही गमरानं सांगितलं. मग म्हणाली की उद्यापासून मीच आधी बघून घेत जाईन.

घरी एकटी असताना सालहा चटईवर पडून व्यायाम करायची. गुडघे छातीशी, वीस मोजेपर्यंत. कंबर जमिनीला दाबायची, सोडायची. मग पालथं होऊन कोपरांवर. रीमच्या कागदावरची बाई हसतमुख होती. एक म्हातारी बाई गार पाण्यात उभी आहे आणि आपण इथं उबेत पाय वर-खाली करतो आहोत, याची तिला इतकी शरम वाटायची की कधी कधी मोजणी चुकायची आणि ती पुन्हा एकपासून सुरू करायची. कळ मात्र उतरत होती. पोटरीतून मांडीत आली, मांडीतून कुल्ल्यात. मार्चच्या मध्यावर तिला तळव्याखाली चटईचे दोरे लागायला लागले. तेव्हा ती रडली.

दोन दिवसांनी दुपारी वारा पडला होता. सालहा घराबाहेर पडली आणि थांबत थांबत किनाऱ्यापर्यंत चालत गेली. चपला काढून तिनं ओल्या वाळूत पाय ठेवला. गार लागलं. डाव्या पायालाही गार लागलं.

बायका लांब होत्या. चकचकीत चिखलावर नुसत्या पाठी दिसत होत्या, एकसारख्या, आणि त्यातली आपली कुठली ते इथून कळत नव्हतं. सालहा आणखी आत गेली. पाणी फिरत असावं, कारण पलीकडून कुणीतरी हाक दिली आणि ती हाक एकीकडून दुसरीकडे गेली. एकेक करून बायका उठल्या. हात कंबरेवर, कोपरं बाहेर, तोंड वर, क्षणभर तशाच उभ्या. साठच्या साठ सरळ झाल्या. एक झाली नाही.

सालहा तिच्याकडे चालायला लागली. गमरानं तिला येताना पाहिलं आणि पाय ओढत जरा मागं राहिली. तुर्किया वाळू चाचपत पुढं येत होती, बादली एका हातात, विळा दुसऱ्या. अगदी जवळ आल्यावर तिला समोरची दोन पावलं दिसली. ती थांबली. डाव्या पावलाच्या तळव्याकडून वर आलेला जखमेचा वण तिनं ओळखला.

"चपला कुठायत तुझ्या?" ती म्हणाली. "पाणी गार आहे."

"काठावर ठेवल्यात."

"चालत आलीस?"

"चालत आले."

म्हातारीनं मान एका बाजूला वळवून डोळा वर केला. सुनेचा चेहरा दिसेपर्यंत तिला बराच प्रयत्न करावा लागला. सालहाला वाटलं, खाली बसावं, म्हणजे तिला दिसेल. गुडघ्यातून, पाठ सरळ ठेवून, शिकवलं होतं तशी ती हळूहळू पाण्यात उकिडवी बसली. परकर भिजला. दोघींची तोंडं समोरासमोर आली. एवढ्या वर्षांत सासूचा चेहरा तिनं असा सरळ कधी पाहिला नव्हता. ओठांवर मीठ वाळलं होतं आणि नाक लाल झालं होतं.

सालहानं बादलीच्या कडीला हात घातला. तुर्कियानं बादली दुसऱ्या बाजूला घेतली.

"ऊठ," ती म्हणाली. "पाणी येतंय."

सालहा उठली. म्हातारीनं विळा तिच्या हातात दिला, तेवढाच, आणि दोघी काठाकडे निघाल्या. थोडं पुढं गेल्यावर तुर्किया खाली बघतच म्हणाली की उद्या ओहोटी पाऊण तास उशिरा आहे, तेवढा वेळ पाठ टेकता येईल.